ऑफेन्सिव्ह लाइनमन कसा निवडावा आणि कसा घडवावा

सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून एकविसाव्या वर्षी त्याचे शरीर, त्याची पावले आणि त्याचा स्वभाव कसा असेल याचा अंदाज बांधणे, हे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील ऑफेन्सिव्ह लाइनच्या प्रशिक्षकाचे पहिले काम असते. हायस्कूलमध्ये वेगवान असलेला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू पकडणारा खेळाडू, कॉलेजातही बहुधा वेगवानच राहतो आणि पहिल्याच हंगामात उपयोगी पडू शकतो. लाइनमनची गोष्ट वेगळी आहे. हायस्कूलमधला १३० किलोचा मुलगा समोरच्या ८५ किलोच्या मुलाला नुसते अंगावर जाऊन मागे रेटतो, आणि ती चित्रफीत कितीही वेळा पाहिली तरी त्याच्या तंत्राविषयी काही कळत नाही. कॉलेजात गेल्यावर समोर त्याच्याइतकाच वजनदार आणि त्याच्यापेक्षा चपळ गडी उभा राहतो, तेव्हा ते रेटणे संपते. त्यामुळे येथे सांगितलेले भरतीचे सगळे निकष, लाइनमनला कॉलेजात वाढवावे लागते हे गृहीत धरून मांडले आहेत.

चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनवर, समोरच्यांना अडवणारे पाच जण असतात. मधला सेंटर चेंडू मागे देतो (यालाच स्नॅप म्हणतात) आणि समोरची बचावरचना वाचून बाकीच्यांना हाका देतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड दाटीत, कमी जागेत आणि जास्त ताकदीने लढतात. कडेचे दोन टॅकल मोकळ्या जागेत प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत वेगवान खेळाडूसमोर बऱ्याचदा एकटे असतात. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टॅकलकडे असते, म्हणून त्या जागेला पूर्वापार अधिक मान आहे. मात्र हल्ली बचावपक्ष आपला उत्तम पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा खेळाडू, दोन्ही बाजूंना फिरवत असल्यामुळे उजव्या टॅकलला दुय्यम समजणे परवडत नाही.

निवडताना काय पाहावे

वजन सर्वांत शेवटी पाहावे. आधी सांगाडा पाहावा: खांद्यांची रुंदी, मनगटे आणि घोटे, हातांची लांबी, आणि आणखी किलो अंगावर घेतले तरी पावले जड होणार नाहीत अशी ठेवण. टॅकलसाठी सहा फूट चार इंच, म्हणजे सुमारे १९३ सेंटिमीटर उंची आणि ३३ ते ३४ इंचांचे हात ही ढोबळ अपेक्षा व्यावसायिक फुटबॉलमध्ये रूढ आहे, आणि कॉलेजचे प्रशिक्षकही तीच पट्टी घेऊन फिरतात. हात आखूड असतील तर मुलाला नाकारू नये. तो गार्ड किंवा सेंटर होऊ शकेल का, हे तपासावे. ११५ किलोचा, चांगल्या सांगाड्याचा मुलगा दोन वर्षांत ३०० पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास नेता येतो. याउलट १५५ किलोचा, घोटे ताठर असलेला मुलगा आधी उतरवावा लागतो आणि मग नव्याने बांधावा लागतो, आणि त्यात त्याच्या कॉलेज कारकिर्दीचा अर्धा काळ निघून जातो.

पावले आणि कंबर पाहण्यासाठी फुटबॉलपेक्षा इतर खेळ जास्त उपयोगी पडतात. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना मुलगा आडवा कसा सरकतो, हे पाहिले की पास अडवताना तो कसा सरकेल याचा अंदाज येतो. कुस्तीत खाली राहण्याची, समोरच्याचा तोल ओळखण्याची आणि पकडीतून सुटण्याची सवय लागते. गोळाफेकीत कमरेतला स्फोट दिसतो. आयोवा विद्यापीठाने हा मार्ग वर्षानुवर्षे चोखाळला आहे. त्यांचा टॅकल ट्रिस्टन विर्फ्स हायस्कूलमध्ये राज्यस्तरीय कुस्तीविजेता होता आणि गोळाफेक व थाळीफेकीतही विजेता होता. २०२० मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत तो १३ वा गेला. हायस्कूलच्या एका कुस्तीत त्याला हरवणारा टायलर लिंडरबॉम आयोवात बचावाच्या लाइनवर आला, तेथून त्याला सेंटर केले गेले आणि २०२१ मध्ये देशातील उत्कृष्ट सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी त्याला मिळाली. विस्कॉन्सिनचा जो थॉमस हाही गोळा आणि थाळी फेकणारा होता.

दुसऱ्या जागेवरून लाइनवर आलेल्या खेळाडूंची यादी तर इतकी लांब आहे की तिला अपवाद म्हणणे चुकीचे ठरेल. रॉबर्ट गॅलरी आयोवात टाइट एंड, म्हणजे लाइनच्या कडेला राहून अडवणारा आणि चेंडूही पकडणारा खेळाडू, म्हणून आला आणि देशातील उत्कृष्ट लाइनमनची २००३ ची आउटलँड ट्रॉफी टॅकल म्हणून जिंकून गेला. जो स्टेली सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड म्हणूनच दाखल झाला होता. कोडी मॉक हा नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये शिष्यवृत्तीविना, म्हणजे वॉक-ऑन म्हणून आलेला टाइट एंड. तो २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला. लेन जॉन्सन ज्युनियर कॉलेजात क्वार्टरबॅक होता, ओक्लाहोमात टाइट एंड आणि डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या लाइनच्या कडेचा खेळाडू) झाला आणि अखेर टॅकल म्हणून २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. जेसन केल्सी सिनसिनाटीत वॉक-ऑन लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या लाइनमागे उभा राहणारा खेळाडू, होता. या सर्वांमध्ये समान गोष्ट अशी की वजन नंतर आले आणि पावले आधीपासून होती. म्हणूनच एखाद्या छोट्या गावच्या शाळेत लांब हातांचा, काटकुळा, सव्वासहा फुटी टाइट एंड दिसला, तर त्याच्या पकडलेल्या चेंडूंची संख्या मोजत बसू नये. तो अडवताना गुडघ्यातून वाकतो की कमरेतून, एवढे पाहावे. कमरेतून वाकणारा मुलगा ही सवय क्वचितच सोडतो.

निवडक क्षणांची चित्रफीत प्रत्येक मुलगा पाठवतो आणि तिच्यात प्रत्येकजण समोरच्याला पालथा पाडत असतो. ती पाहण्यात वेळ घालवू नये. दोन पूर्ण सामने मागवावेत, त्यांपैकी एक हरलेला असावा, आणि चौथा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा शेवटचा पाव भाग, आधी पाहावा. चेंडू विरुद्ध बाजूला जात असताना तो चालतो की धावतो, चुकल्यानंतरच्या पुढच्या स्नॅपला त्याची बैठक बदलते का, त्याचे हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आतून पडतात की खांद्यांवर बाहेरून, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले. क्रमवारी देणाऱ्या संकेतस्थळांच्या ताऱ्यांना मी लाइनमनच्या बाबतीत फारसे महत्त्व देत नाही. २०१३ मध्ये संपूर्ण निवडीत पहिला गेलेला एरिक फिशर सेंट्रल मिशिगनसारख्या तुलनेने लहान कार्यक्रमातून आला होता, आणि त्याला हायस्कूलमध्ये असताना मोठ्या विद्यापीठांनी रांगा लावलेल्या नव्हत्या.

उन्हाळी शिबिरात मुलगा समोर असतो, तेव्हा त्याला ठाऊक नसलेली एखादी लहान गोष्ट शिकवावी. उदाहरणार्थ, मागचे पाऊल किती कोनात टाकावे. पहिल्या प्रयत्नात तो चुकेलच. तिसऱ्या प्रयत्नात तो ती दुरुस्ती करून दाखवतो का, आणि एकाशी एक लढतीत हरल्यावर पुन्हा रांगेत पुढे येतो की मागे सरकतो, ही माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह चाचणी आहे. स्वभावाची चौकशी फुटबॉल प्रशिक्षकाकडे करून थांबू नये, कारण तो आपल्या मुलाची बाजूच सांगणार. कुस्तीचा प्रशिक्षक, वर्गशिक्षक आणि शाळेचा शिपाई अधिक खरे सांगतात.

शैक्षणिक पात्रता लवकर तपासावी. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वोच्च विभागात, पहिल्या वर्षापासून खेळायचे तर १६ मूलभूत विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षातील १ सप्टेंबरपासून प्रशिक्षक मुलाला थेट संदेश पाठवू शकतात, तेव्हा त्या तारखेपर्यंत आपली यादी तयार असली पाहिजे.

किती घ्यावेत

पूर्वी सर्वोच्च गटातील संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्यापलीकडे वॉक-ऑन हवे तेवढे ठेवता येत. खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तीत सहभागी झालेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. याचा सर्वाधिक फटका लाइनला बसतो, कारण उशिरा वाढणारा वॉक-ऑन हा या जागेचा जुना आधार होता. १०५ जणांत १५ ते १७ ऑफेन्सिव्ह लाइनमन ठेवावेत, दरवर्षी हायस्कूलमधून किमान तीन आणि शक्यतो चार घ्यावेत, आणि एकही वर्ष कोरडे जाऊ देऊ नये. एखाद्या वर्षी फक्त एकच मुलगा घेतला तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. तीन वर्षांनी मात्र लाइनमध्ये भगदाड पडते, आणि तोवर ते का पडले हे बहुतेकांच्या लक्षातही राहिलेले नसते.

घेताना टॅकलकडे कल ठेवावा. टॅकलला आत आणून गार्ड करता येते, पण गार्डला बाहेर नेऊन टॅकल करणे फार कमी वेळा जमते. सेंटरची मोजणी वेगळी करावी: दडपणाखाली नीट स्नॅप देऊ शकणारे तीन जण संघात असलेच पाहिजेत. दुसरा सेंटर जायबंदी झाल्यावर स्नॅप शिकवायला बसणे, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीने, हा हिशेब बदलला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल सुरू झाले, २०२१ मध्ये एकदा संघ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पाळल्यास, कितीही वेळा संघ बदलता येऊ लागला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून पैसे मिळवता येतात, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नातील थेट वाटाही देऊ शकतात; पहिल्या वर्षी ही कमाल रक्कम सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. परिणामी दोन वर्षे खाऊ-पिऊ घालून, शिकवून तयार केलेला मुलगा तिसऱ्या वर्षी दुसराच संघ घेऊन जाऊ शकतो. यावर भरती बंद करून सगळे पोर्टलमधून घेणे हा उपाय नाही, कारण पोर्टलमध्ये चांगला टॅकल दुर्मीळ आणि महाग असतो. पोर्टलचा उपयोग एखादी नेमकी पोकळी भरण्यासाठी करावा. मिशिगनने व्हर्जिनियाहून ओलुसेगुन ओलुवातिमी हा अनुभवी सेंटर आणला. २०२२ च्या त्या एकाच हंगामात त्याने रिमिंग्टन आणि आउटलँड या दोन्ही ट्रॉफी जिंकल्या, आणि मिशिगनच्या लाइनने देशातील सर्वोत्तम लाइनचा जो मूर पुरस्कार सलग दुसऱ्यांदा मिळवला. पण त्याच्या आजूबाजूची लाइन तेथे आधीपासून होती, हे विसरू नये. पाचांपैकी दोनपेक्षा अधिक जागा बाहेरून आलेल्यांनी भरल्या तर एकमेकांच्या हाका समजण्यातच अर्धा हंगाम जातो, असे माझे मत आहे. दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०२४ चे आर्मी: सैनिकी अकादमी असल्यामुळे पोर्टलमधून खेळाडू आणून लाइन उभारण्याची वाट तिला जवळपास बंद असते, तरीही त्या वर्षीचा जो मूर पुरस्कार तिच्या लाइनला मिळाला.

पहिली दोन वर्षे

पहिल्या वर्षी मुलाला शक्यतो रेडशर्ट ठेवावे, म्हणजे तो सराव करेल पण त्याच्या खेळण्याच्या हंगामांपैकी एक खर्ची पडणार नाही. २०१८ च्या नियमबदलानंतर चार सामन्यांपर्यंत खेळूनही हे वर्ष राखता येते. या चार सामन्यांचा वापर बक्षीस म्हणून न करता चाचणी म्हणून करावा, आणि त्यांतला किमान एक हंगामाच्या शेवटी, शरीर तयार झाल्यावर द्यावा. ओरेगनचा पेनेई सूएल पहिल्याच वर्षी टॅकलच्या जागी खेळू लागला आणि दुसऱ्या वर्षी त्याने आउटलँड ट्रॉफी जिंकली. पण त्याचे नाव घेऊन आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला घाईने उतरवणाऱ्याने दोघांच्या पावलांची तुलना आधी करावी.

वजन वाढवताना आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. त्यापेक्षा घाई केल्यास चरबी वाढते आणि गुडघ्यांवर भार येतो. दर महिन्याला वजनकाट्याबरोबर खोल बैठकीची क्षमता आणि दहा यार्डांची धाव मोजावी; वजन वाढून बैठक उथळ होऊ लागली तर वाढ थांबवून कंबर आणि घोटे मोकळे करण्यावर काम करावे. एवढ्या मोठ्या शरीरांना उष्णतेचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा लाइनमन सरावातील उष्माघातानंतर मरण पावला, आणि थंड पाण्यात तत्काळ बुडवण्याचा उपचार त्याला वेळेत मिळाला नव्हता. म्हणून बर्फाच्या पाण्याचे टब मैदानाच्या कडेला भरून तयार असल्याशिवाय उन्हाळी सराव सुरूच करू नये, सुट्टीनंतरचे पहिले दिवस हलके ठेवावेत, आणि सिकलसेलच्या तपासणीचा अहवाल प्रशिक्षकाने स्वतः वाचलेला असावा.

तंत्र शिकवण्याचा क्रम बैठक, पहिले पाऊल, हात, कंबर असा असावा, आणि तो उलटू नये. बहुतेक प्रशिक्षक हातांपासून सुरुवात करतात, कारण हातांचा ठोसा पाहायला आणि शिकवायला सोपा असतो. पण पाऊल चुकीच्या जागी पडले तर उत्तम ठोसाही हवेत जातो. बैठकीत टाचा जमिनीला जवळपास टेकलेल्या, गुडघे घोट्यांच्या किंचित पुढे आणि छाती वर असावी. हातावर इतका भार नसावा की हात उचलताच मुलगा पुढे पडेल, कारण मग तो धावण्याची चाल आहे की पासची हे समोरच्याला स्नॅपआधीच कळते. पहिले पाऊल लहान असावे आणि दुसरे पाऊल धडकेआधी जमिनीवर आलेले असावे. धावण्याच्या चालींत सगळी लढाई या दुसऱ्या पावलावर ठरते: ते हवेत असताना धडक बसली तर १४० किलोचा माणूसही एका पायावर उभा असतो.

पास अडवताना टॅकलला तीन प्रकारचे सरकणे यावे लागते. एकात तो सरळ मागे जातो, दुसऱ्यात तिरका, आणि तिसऱ्यात स्नॅप होताच पुढे झेपावून लढत लगेच सुरू करतो. नवशिक्याला पहिले वर्ष तिरके सरकणेच शिकवावे, ते पक्के झाल्यावर बाकीची दोन द्यावीत. हात एकत्र फेकण्यापेक्षा एकेक स्वतंत्र वापरायला शिकवावे, कारण दोन्ही हात एकदम पुढे गेले की छातीही पुढे जाते आणि चपळ रशर ते हात खाली झटकून निघून जातो. जोरदार रशर सरळ अंगावर आला तर मागे ढकलले जात असतानाच कंबर खाली सोडून टाचा रोवणे, हे सर्वांत उशिरा येणारे कौशल्य आहे. ते शिकवण्यासाठी मुलाला आधीच हरलेल्या स्थितीत उभे करावे, म्हणजे समोरच्याचे हात त्याच्या छातीवर आधीच ठेवून तेथून सराव सुरू करावा. दररोज दहा वेळा असे केले तर एका हंगामात फरक दिसतो.

नियमांचे भान याच काळात द्यावे. प्रतिस्पर्ध्याला हाताने पकडून ठेवल्याचा दंड दहा यार्डांचा आहे, आणि तो बहुतेक वेळा हात बाहेरून पडल्यामुळे लागतो. म्हणजे तोही मुळात पावलांचाच दोष असतो. कॉलेजच्या नियमात पुढे फेकलेल्या पासच्या वेळी लाइनमनला चेंडू ठेवलेल्या रेषेच्या पुढे तीन यार्डांपर्यंत जाता येते, तर एनएफएलमध्ये एकच यार्ड. धाव आणि पास यांचा पर्याय एकत्र असणाऱ्या आजच्या चाली या सवलतीवरच उभ्या आहेत, त्यामुळे तीन यार्डांची रेषा सरावाच्या मैदानावर रंगवून ठेवणे उपयोगी पडते.

पाचांची लाइन

हंगामात आठवड्याला २० तास आणि वसंत ऋतूत एकूण १५ सराव, एवढाच वेळ नियमाने मिळतो. त्यात पहिल्या पाचांनाच सगळ्या चाली देण्याचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो. तो आवरून मैदानाच्या दोन टोकांना दोन गट एकाच वेळी चालवावेत. २०२४ पासून संघाच्या इतर कर्मचाऱ्यांनाही मैदानावर शिकवता येते, त्यामुळे माणसे कमी पडण्याची सबब उरलेली नाही.

गार्ड आणि टॅकल एकत्र मिळून एका बचावपटूला रेटतात आणि मग त्यांपैकी एकजण मागच्या लाइनबॅकरकडे सुटतो, हे कोणी आणि केव्हा सुटायचे ते फळ्यावर शिकवता येत नाही. दोघांच्या कमरा एकमेकींना लागलेल्या असाव्यात, दोघांचे चारही डोळे लाइनबॅकरवर असावेत, आणि तो ज्याच्या बाजूला येईल त्याने सुटावे. ही समज शेजाऱ्याची सवय झाल्यावरच येते, म्हणून सरावात जोड्या वारंवार फोडू नयेत. प्रत्येकाला दोन जागा शिकवाव्यात. तिसरी शिकवली की पहिली कच्ची होते. बचावपटू आपसात जागा बदलून हल्ला करतात तेव्हा आपला माणूस शेजाऱ्याच्या हाती सोपवून समोरून येणाऱ्याला घेण्याचा सराव रोज, आधी चालत आणि मग पूर्ण वेगाने करावा. परक्या मैदानावर गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा गार्ड क्वार्टरबॅककडे पाहून सेंटरला थोपटतो आणि त्या इशाऱ्यावर ठरलेल्या तालात स्नॅप होतो. त्याचा सरावही ध्वनिवर्धक लावून आधीच्या आठवड्यातच करावा लागतो.

सामन्यानंतर प्रत्येक स्नॅपला तीन वेगळे गुण द्यावेत: काम बरोबर माणसावर केले का, तंत्र बरोबर होते का, आणि शेवटपर्यंत लढला का. पहिल्याची चूक हा बऱ्याचदा प्रशिक्षकाचा दोष असतो, दुसऱ्याची चूक सरावाचा, आणि तिसऱ्याची खेळाडूचा. तिन्ही एकाच आकड्यात मिसळले तर काय दुरुस्त करायचे ते कळत नाही. ही चित्रफीत पाचांनी एकत्र बसून पाहावी, आणि सेंटरने प्रत्येक चालीआधी आपण कोणती हाक दिली होती ते मोठ्याने सांगावे.

राहिला सहावा माणूस. हंगामात कोणीतरी जायबंदी होतेच, आणि तेव्हा दोन खेळाडू हलवून तीन जागा बदलण्याची चूक सर्रास केली जाते: डावा टॅकल बाहेर गेला की उजव्याला डावीकडे, गार्डला उजवीकडे आणि राखीव खेळाडूला गार्डच्या जागी. त्यापेक्षा थेट जागा घेऊ शकेल असा सहावा माणूस ऑगस्टमध्येच ठरवावा, तो सर्वांत ताकदवान राखीव खेळाडू नसला तरी चालेल, आणि प्रत्येक सामन्याच्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक संपूर्ण चढाई त्याला खेळू द्यावी.